'स्मृतिचित्रे'तलं पाणी: श्रद्धेवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

एक शीर्षक तुम्हीही कुठल्या ना कुठल्या सिनॉप्सिसवर वाचलं असेल: 'अमुक तालुक्यातील तमुक समाजाच्या धार्मिक श्रद्धांचा दैनंदिन जीवनावर होणारा परिणाम: एक अभ्यास'. तालुका बदला, समाज बदला, शीर्षक तेच. खाली तीस प्रश्नांची प्रश्नावली. आपण रोज प्रार्थना करता का? नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. आपला धर्म कोणता? एका चौकोनात खूण करा. मग टक्केवारी, मग काय-वर्ग चाचणी, मग निष्कर्ष की श्रद्धेचा जीवनावर परिणाम होतो. न होऊन सांगतो कोणाला?

मी वनस्पतिशास्त्राची. धर्माच्या अभ्यासात माझं काय काम, असं तुम्ही विचाराल. कोर्सवर्कच्या संशोधन पद्धतीच्या तासाला सगळ्या शाखांचे लोक एकाच वर्गात बसतात, आणि समाजशास्त्रवाल्या मित्रांच्या प्रश्नावल्या तपासून देण्याचं काम सायन्सवाल्यांकडे येतं, कारण 'तुम्हाला स्टॅटिस्टिक्स येतं'. मला त्यातलं स्टॅटिस्टिक्स कमी आणि प्रश्नच जास्त खटकत आले. म्हणून आज आकड्यांबद्दल लिहीत नाहीये. एका पुस्तकाबद्दल लिहितेय. पेट, नेट, सेट यातलं काहीही देत असाल आणि पुढे माणसांच्या श्रद्धेवर काम करायचा विचार असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आधी वाचा. शाळेत एखादा उतारा वाचलेला असतो आणि त्यावरून आपल्याला वाटतं की हे एका विनोदी आजीबाईंचं आत्मचरित्र आहे. विनोद आहेच. पण ख्रिस्ती श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी उतरते, कुठे अडते, किती वर्षं घेते, याची इतकी बारीक नोंद मराठीत मला दुसरीकडे सापडलेली नाही.

आधी थोडी माहिती. लक्ष्मीबाई १८६८ सालच्या, माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं, गोखल्यांचं. लहान वयात नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, संस्कृतचे जाणकार, अतिशय हुशार आणि तितकेच लहरी. काही वर्षं ते नागपुरात होते, पुढे राजनांदगावला नोकरीला लागले. आपण धानोऱ्याहून मुरूमगावच्या रस्त्याने पूर्वेला गेलो की पलीकडे जो छत्तीसगढ लागतो, त्याच बाजूचं हे राजनांदगाव. १८९३ मध्ये नागपूरहून तिकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना नवा करार वाचायला दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० मध्ये. ही दोन सालं नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्या मधल्या जागेत आहे.

पुस्तकाचा पहिला भाग १९३४ मध्ये आला, शेवटचा १९३७ मध्ये, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर. १९३६ मध्ये त्या गेल्या. मुलगा देवदत्त टिळकांचं चरित्र लिहायचं म्हणत होता, त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, अशी मूळ कल्पना. म्हणजे हे पुस्तक सुरू झालं ते दुसऱ्याच्या चरित्राचं साहित्य म्हणून. संशोधकाच्या भाषेत, माहिती देणारी व्यक्ती देता देता स्वतःच लेखिका झाली. असं क्वचित होतं आणि झालं की चांगलंच होतं.

आता मुद्द्याकडे येते. या पुस्तकात धर्म कुठे आहे? देवळात थोडा, चर्चमध्ये थोडा. बाकी सगळा घागरीत, चुलीपाशी, पानात. सुरुवातच बघा. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, १८५७ च्या बंडानंतर फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, अगदी मीठसुद्धा. मीठ धुणारा माणूस! आपण हसतो, लक्ष्मीबाईही हसवतात. पण या प्रकरणाकडे संशोधक म्हणून बघा. ही त्यांची आधाररेषा आहे. आम्ही रोपावर कुठलाही प्रयोग करण्याआधी त्याची मूळ अवस्था नोंदवतो, नाहीतर नंतरचा बदल मोजायचा कशाशी? लक्ष्मीबाई ते न सांगता करतात. धर्म म्हणजे पाणी, स्पर्श आणि अन्न, हे त्या घरात कळतं. त्यामुळे पुढे धर्म बदलला असं म्हणायचं तर बदल पाण्यात, स्पर्शात आणि अन्नात दिसला पाहिजे. आणि तो तिथेच दिसतो.

१८९५ मध्ये नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाईंची अवस्था वेड्यासारखी झाली. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. पंढरपूर, नाशिक असे दिवस काढले. पुढे त्या टिळकांकडे अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) राहायला आल्या, पण स्वतःचं सोवळं घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ख्रिस्ती माणसाने शिवलेलं पाणी चालायचं नाही, आणि घरातला कर्ता पुरुषच ख्रिस्ती. आता मला सांगा, साधारण १८९८-९९ मध्ये तुम्ही प्रश्नावली घेऊन त्या दारात उभे राहिला असता, तर या कुटुंबाचा धर्म कोणत्या चौकोनात लिहिला असता? 'कुटुंबप्रमुखाचा धर्म' असा रकाना असेल तर ख्रिस्ती. मग चुलीजवळ बसलेल्या बाईचं काय करणार? आणि दोन्हीकडे वावरणाऱ्या लहान मुलाचं?

इथे मला पुस्तकाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो, आणि तो पुष्कळदा चुकीचा वाचला जातो. सर्वसाधारण समज असा की लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनी जातपात सोडली. पुस्तकातला क्रम उलटा आहे. एका रात्री विचार करता करता त्यांना उमगतं की माणूस देवाने केला, जाती माणसांनी पाडल्या. आणि त्या ठरवतात की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर येतो. आधी आचरण, मग नाव. तुमच्या सिनॉप्सिसमधलं 'श्रद्धा हे स्वतंत्र चल, वर्तन हे अवलंबी चल' हे गृहीतक इथे कोलमडतं. इथे पाणी पिणं हा श्रद्धेचा परिणाम नाही. पाणी पिता पिता श्रद्धा तयार होते आहे.

आपल्या भागातल्या मुलांना हे समजायला कठीण जाऊ नये. इथे पंडुम झाल्याशिवाय नवं धान्य, नवं फळ तोंडात घालत नाहीत हे आपण लहानपणापासून पाहतो. त्यातला देव वेगळा काढा आणि जेवण वेगळं काढा, असं कोणी सांगितलं तर गावातली म्हातारी आपल्याकडे बघतच राहील. धर्म ताटात असतो हे आपल्याला माहीत असतं. प्रश्नावली हातात आली की मात्र आपण ते विसरतो.

उपासनेच्या बाबतीतही तसंच. टिळकांची ख्रिस्ताकडची वाट तुकारामावरून गेली, असं ते स्वतः मानत. त्यांनी भक्ती अभंगात, ओवीत, कीर्तनात आणली. त्यांची पदं मराठी ख्रिस्ती मंडळींत आजही गायली जातात. यालाही जुनी परंपरा आहे: फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्येच ओवीत छापलं होतं. टिळकांनी ख्रिस्ताचं काव्यचरित्र 'ख्रिस्तायन' सुरू केलं, ते त्यांच्या मृत्यूने अपुरं राहिलं आणि पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. लग्नाच्या वेळी अक्षरओळख नसलेल्या, नवऱ्याकडून लिहायला शिकलेल्या बाईने. कीर्तनंही केली त्यांनी. एवढं असून 'स्मृतिचित्रे'त प्रार्थनेबद्दल फार कमी आहे. त्या डोळे मिटून बसल्यावर मनात काय चालायचं, देवाशी बोलताना काय म्हणायच्या, हे जवळपास नाहीच. मला हे पुस्तकाचं बळही वाटतं आणि उणीवही. बळ अशासाठी की आध्यात्मिक अनुभवांच्या नेहमीच्या ठराविक शब्दांतून आपण वाचतो. उणीव अशी की एका प्रौढ, विचारी बाईने एवढी मोठी उडी घेतली, पण आतलं वळण शेवटी झाकलेलंच राहतं. जातीबद्दलचा विचार त्या पायरी-पायरीने सांगतात. ख्रिस्ताबद्दलचा तसा सांगत नाहीत. ख्रिस्तच का, याचं उत्तर शोधायला तुम्ही गेलात तर हात रिकामे येतील. लिहिलं नाही म्हणजे घडलं नाही असा अर्थ मात्र काढू नका. शेतकऱ्याने डायरीत पावसाची नोंद केली नाही म्हणून त्या दिवशी कोरडं होतं असं म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट या पुस्तकाइतकी दुसरीकडे दिसत नाही: श्रद्धेचा खर्च कोण उचलतं. टिळकांचा उदारपणा प्रसिद्ध. हातात आलेला पैसा दुसऱ्याच्या हाती जायचा. घरात पाहुणे, विद्यार्थी, अनाथ मुलं, कवी. बालकवी ठोमरे कितीतरी दिवस याच घरात राहिलेले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही येऊ शकत. चर्चच्या इतिहासात हे धाडसी पाऊल म्हणून येतं, आणि ते होतंच. पण त्याच माणसाचं घर 'स्मृतिचित्रे'त बघा. टिळकांच्या प्रत्येक थोर निर्णयानंतर चूल कोणाला पेटवावी लागली, उधारी कोणाला सांभाळावी लागली, हे लक्ष्मीबाई तक्रारीचा सूर न लावता, हसत हसत मांडून ठेवतात. हसण्यामुळे हिशेब लपत नाही, उलट पक्का होतो. श्रद्धेवर काम करताना 'निर्णय कोणी घेतला' एवढंच विचारू नका. त्या दिवशी रात्री भाकरी कोणी केली, हेही विचारा.

इथपर्यंत कौतुक झालं. आता ज्या जागी मला हे पुस्तक अपुरं वाटतं, तिथे जरा थांबते. टीकाकार सहसा इथून घाईने पुढे जातात.

नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. टिळक तिथे गेले तोवर त्या भागातले बहुसंख्य ख्रिस्ती हे महार आणि मांग समाजांतून आलेले होते. म्हणजे लक्ष्मीबाई ज्या मंडळीत शिरल्या, तिथे ब्राह्मण घरातून आलेले टिळक दांपत्य अपवाद होतं. पुस्तक वाचताना मात्र नजर अपवादाच्या डोळ्यांतूनच फिरते. दलित ख्रिस्ती माणसं येतात, काहींचे स्वभाव सुंदर उतरतात, लक्ष्मीबाई त्यांच्यावर जीव लावतात. पण पाण्याचा प्रश्न सतत एकाच बाजूने विचारला जातो: मी कोणाच्या हातचं पाणी पिऊ? ज्याच्या हातात तो तांब्या होता, त्याचा प्रश्न वेगळा होता. मला कोणत्या विहिरीवर पाणी भरू देतील? ख्रिस्ती झाल्यावर गावची विहीर उघडली का? रविवारच्या उपासनेनंतर तो गावात परतला की गाव त्याला कोणत्या नावाने हाक मारायचं? रोजच्या जगण्यातला ख्रिस्ती धर्म हाच तुमचा विषय असेल, तर नगरमधलं बहुसंख्यांचं रोजचं जगणं हेच होतं, आणि ते 'स्मृतिचित्रे'च्या कडेला राहतं.

हा आरोप त्यांच्या काळावर आजचे निकष लादून केलेला नाही. सालं बघा. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ चा. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात, लक्ष्मीबाईंच्या माहेरच्याच जिल्ह्यात, डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पुस्तकाचे भाग एकामागून एक निघत होते त्या वर्षांत पाण्याचा आणि धर्मांतराचा प्रश्न दुसऱ्या बाजूने, मोठ्या आवाजात विचारला जात होता. लक्ष्मीबाई तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या आपल्या घागरीबद्दल लिहीत होत्या, आणि बाहेर त्याच घागरीचा अर्थ बदलत होता. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की एका बाईने सोवळं सोडणं आणि एका समाजाने तळ्यावर जाणं यांतलं अंतर कळतं. पहिल्या गोष्टीला धैर्य लागतं. दुसरीत मार खावा लागतो.

माझ्या मते इथे एखाद्याचा पूर्ण प्रबंध दडलेला आहे. नगर, राहुरी परिसरातल्या दलित ख्रिस्ती कुटुंबांच्या तोंडी आठवणी, त्यांची गाणी, त्यांचे पाणवठे. १८४२ पासून निघालेल्या 'ज्ञानोदय'च्या जुन्या फायलींशी त्या ताडून बघता येतील. कोणीतरी करा. मी मोहाच्या झाडांमागे आहे, मला जमणार नाही.

स्मृतीचा प्रश्नही उरतोच. पुस्तकात पानोपानी संवाद आहेत, अगदी शब्दशः. तीस वर्षांनंतर कोणाला संवाद शब्दशः आठवतात? तेव्हा ते वाक्य बोललं गेलं याचा पुरावा म्हणून ते वापरू नका. ते वाक्य बोलणाऱ्या बाईला नंतर कसं आठवायला आवडलं, याचा पुरावा म्हणून जरूर वापरा. शिवाय वडिलांचं सोवळं त्या लिहितात ते सोवळं सोडून कित्येक वर्षं झाल्यावर. म्हणजे मघाशी मी जिला आधाररेषा म्हटलं, ती नंतरच्या हाताने आखलेली आहे. हे मान्य करूनच वापरायची. टाकून द्यायची गरज नाही; जुन्या हर्बेरियम शीटवर नंतर कोणीतरी नाव दुरुस्त केलेलं असतं, आपण दोन्ही नावं नोंदवतो आणि पुढे जातो.

तुलनेला पंडिता रमाबाई घ्या, पण घाईत नको, त्यांच्यावर वेगळं लिहावं लागेल. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. त्यांच्याकडे आतला झगडा भरपूर लिहिलेला आहे, पत्रांतून वादही आहेत. ख्रिस्ती झाल्यावरही त्या शाकाहारी राहिल्या आणि इंग्लंडमधल्या त्यांच्या धर्मभगिनींना ते पचायला जड गेलं. धर्म पुन्हा ताटातच! फरक असा की रमाबाईंना ताटातलं जुनं काही टिकवायचं होतं, लक्ष्मीबाईंना ताटातलं जुनं सोडायचं होतं, आणि दोघीही तितक्याच ख्रिस्ती. 'ख्रिस्ती आहार' असा एकच रकाना करणाऱ्याने या दोघींना एकत्र बसवून दाखवावं.

मग प्रश्नावली फेकून द्यायची का? नाही. गणना लागतेच, किती घरं, किती माणसं, हे माहीत असावं. पण 'आपण रोज प्रार्थना करता का' याऐवजी काल दिवसभरात काय केलं ते क्रमाने सांगायला लावा. पाणी कुठून आणलं, कोणाबरोबर जेवलात, कोणाच्या घरी जाणं टाळलंत, रविवारी मजुरीला गेलात की नाही आणि नाही गेलात तर ती रोजी कशी भरून काढली. आणि एकदा जाऊन भागत नाही. मोहाला फुलं कधी येतात हे झाडाला एकदा विचारून कळत नाही, त्याच झाडाकडे दर आठवड्याला जावं लागतं. तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा: तिथे अभ्यास गट आहे, निर्णय सर्वसहमतीने होतात आणि बोलणं संपायला वेळ लागतो. अशा ठिकाणी एका दुपारी तीस प्रश्न उरकून निघालात तर हाती काय लागेल, तुम्हीच ठरवा.

शिवाय आज आपल्या भागात कोणी काय मानतं हा प्रश्न साधा राहिलेला नाही. तुम्ही कागदावर 'धर्मांतरित' असं लिहून एखाद्या घरापुढे खूण करता, तेव्हा तो कागद पुढे कोणाच्या हाती जाईल हे तुमच्या ताब्यात नसतं. लक्ष्मीबाईंच्या त्या मधल्या वर्षांत कोणी असा शिक्का मारला असता, तर तो खोटा ठरला असता आणि त्याचा त्रासही त्यांनाच झाला असता. एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये 'ओळख गुप्त ठेवली जाईल' ही ओळ सगळेच लिहितात. ती गावाच्या पातळीवर कशी पाळणार, तीस घरांच्या गावात 'क्ष कुटुंब' लिहून ओळख लपते का, हे सिनॉप्सिस लिहितानाच गाईडशी बोलून घ्या.

पुस्तक घेताना आवृत्ती बघून घ्या. बाजारात संक्षिप्त आवृत्त्याही आहेत, संशोधनाला त्या पुरणार नाहीत. नातू अशोक टिळक यांनी संपादित केलेली संपूर्ण आवृत्ती मिळवा. इंग्रजीत हवं असेल तर जोसेफिन इंक्स्टर यांचा १९५० चा जुना अनुवाद आहे आणि शांता गोखले यांचा २०१७ चा, पण उद्धृत करायचं तर मूळ मराठीतूनच करा. लक्ष्मीबाईंचा टोमणा भाषांतरात निम्मा गळतो. शेवटचा भाग, टिळकांच्या मृत्यूनंतरचा आणि कराचीचा, वाचताना ध्यानात असू द्या की तो लेखिकेच्या डोळ्यांखालून शेवटचा हात फिरून आलेला नाही. त्यातून काही सिद्ध करायला निघालात तर आधी हे तळटीपेत लिहा.